अपूर्णांक आधी मुलांच्या हातात द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चौथी-पाचवीच्या मुलांना विचारून पाहा, एक छेद तीन मोठा की एक छेद चार? तिनापेक्षा चार मोठा म्हणून बरीच मुलं एक छेद चार सांगतात. अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायला सांगितलं, तर वरचे आकडे वर आणि खालचे खाली मिळवून दोन छेद पाच लिहितात. भर घातल्यावर उत्तर अर्ध्याहून कमी आलं, हे त्यांना खटकतही नाही. नाशिकच्या शाळांत शिकवताना मी हे सतत पाहिलं आणि आता गल्लीतल्या मुलांचा अभ्यास घेतानाही पाहते.

यावर रद्दीचा कागद पुरतो. सारख्या लांबीच्या पट्ट्या कापाव्यात. एकीला एक घडी, दुसरीला घडीवर घडी. पहिलीचा अर्धा भाग आणि दुसरीचे दोन चतुर्थांश रंगवून एकाखाली एक ठेवले की सममूल्य अपूर्णांक समोर दिसतात. तीन भागांची घडी मात्र सहज जमत नाही. एक भाग मोठा राहतो आणि शेजारचा मुलगा हरकत घेतो, ‘सारखे भाग कुठे झालेत? हा एक छेद तीन नाहीच!’ बाईंनी दहादा सांगण्यापेक्षा ही हरकत मोलाची.

बेरजेसाठी आयताकृती कागद घ्यावा. उभ्या घडीने दोन भाग, आडव्या घड्यांनी तीन. उलगडला की सहा घरं. अर्धा म्हणजे तीन घरं, एक तृतीयांश म्हणजे दोन, मिळून पाच छेद सहा. समच्छेद कशासाठी करायचा, ते मुलं स्वतःच सांगतात. मग बारा घरांच्या पट्टीवर चिठ्ठ्यांचा खेळ घ्यावा. चिठ्ठीत येईल तेवढा भाग रंगवायचा, पट्टी नेमकी भरेल तो जिंकला. अर्धा आणि पाव रंगवून बसलेली मुलगी म्हणते, ‘आता मला पावच हवा, एक तृतीयांश आला तर एक घर जास्त होईल.’ पेन्सिल न उचलता तिची वजाबाकी झालेली असते!

अपूर्णांक म्हटलं की आपण भाकरीचं चित्र काढतो. मला पट्टी जास्त पटते. गोलाचे तीन सारखे भाग लहान हातांना जमत नाहीत आणि पाच छेद चार एका भाकरीत मावत नाही. पट्टीला पट्टी जोडली की तो दिसतो, संख्यारेषाही तिथेच सुरू होते.

शिक्षकांना हे पटतं, पण वह्या पूर्ण हव्यात, शिष्यवृत्तीचे सराव संच सोडवायचे असतात. घड्या घालण्यात गेलेला तास वाया गेला, असं तपासणीत धरलं जातं. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाचा भर तिसरीपर्यंतच्या पायाभूत संख्याज्ञानावर आहे. अपूर्णांकांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. म्हणून जिल्हा परिषद आणि महापालिका, दोन्ही शिक्षण विभागांना कळकळीची विनंती आहे. केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, एका शिक्षण परिषदेत शिक्षकांनीच पट्ट्या दुमडून हा खेळ खेळावा आणि चौथीच्या वेळापत्रकात त्यासाठी आठवडाभराचे गणिताचे तास लेखी मंजूर करावेत.

– एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, इंदिरानगर, नाशिक