आमची हौशी आई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पेपरात श्रद्धांजलीच्या जाहिराती येतात, त्यात आईची असली की शब्द ठरलेले असतात. सोशिक, कष्टाळू, त्यागमूर्ती. आमची आई या जानेवारीत गेली, संक्रांतीच्या जरा आधी, तेव्हा भावानं पण तसाच मजकूर लिहून आणला होता, मी तो देऊ दिला नाही. कष्ट तिनं केलेच, शिलाई मशीनवर ब्लाउज शिवून आमच्या फिया भरल्या, पण स्वतःबद्दल बोलायला लागली की त्यात कष्टाचं नावसुद्धा नसायचं. तिला हौस होती, सगळ्याचीच. ते कुठंतरी छापून यावं म्हणून लिहितेय, पत्र लांबलंय, सांभाळून घ्या.

सगळ्यात मोठी हौस पाखरांची. शिक्षण सातवीपर्यंत, पण थंडीतल्या रविवारी अंधारात उठवायची, "उठ की ग, ऊन डोक्यावर आल्यावर पाखरं काय तुझी वाट बघत बसणार हायत का?" मग डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन एसटीनं नान्नज. सोलापूरपासून वीसेक किलोमीटर, १९७९ साली तिथं माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. शेजारच्या बायका म्हणायच्या, नुसता पडीक माळ तो, ना झाड ना सावली, तिथं काय बघता? आई म्हणायची, झाडं नाहीत म्हणून तर तो तिथं राहतो. आणि खरंच आहे ते, त्याला उघडं गवताळ रान लागतं, मादी जमिनीवरच अंडं घालते, बहुतेक वेळा एकच.

एकदा दिसला. जवळपास मीटरभर उंच पक्षी, पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, गवतातून एकेक पाय मोजून टाकत चाललेला, मधेच थांबायचा, मान वर करून बघायचा, परत चालायचा. आईनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की घरी येईपर्यंत बोटांचे वळ होते, आणि परतीच्या एसटीत ती कंडक्टरला, शेजारच्या आजोबांना, पुढं बसलेल्या कॉलेजच्या पोरांना सगळ्यांना तेच सांगत होती.

आता नान्नजला माळढोक दिसणं मुश्किल झालंय. देशात जे थोडे उरलेत त्यातले बहुतेक राजस्थानात आहेत. माळरानं नांगरली गेली, विजेच्या तारा आल्या, त्याला समोरचं नीट दिसत नाही आणि अंग जड असल्यानं ऐनवेळी वळता येत नाही, तारांना धडकून मरतो. हे सगळं मी पुस्तकं शोधून वाचलं ते आईमुळंच. काळवीट मात्र अजून बघायला मिळतात, लांडगाही आहे, ज्यांनी बघितलं नाही त्यांनी खरंच जावं.

दुसरी हौस क्रिकेट. बाळ ज. पंडितांची मराठी कॉमेंट्री रेडिओवर लागली की मशीन बंद. १९८३ च्या फायनलला आपले १८३ वर ऑल आउट झाले तेव्हा बाबा "संपलं आता" म्हणून झोपायला गेले, आई रेडिओ मांडीवर घेऊन बसून राहिली. रात्री वेस्ट इंडिज १४० वर गारद झाल्यावर तिनं गल्लीतली दारं वाजवून लोकांना उठवलं, काहीजण चिडले पण होते! भाऊ आज सुट्टीच्या दिवशी पोरांना क्रिकेट शिकवतो ते त्या रात्रीपासूनचं वेड आहे असं मला वाटतं.

बाकी गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा होताच, दरवर्षी नंदीध्वजांची मिरवणूक बघायला गर्दीत सगळ्यात पुढं, हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक आलं की चार बायका गोळा करून नेणार. शेंगाचटणी कधी मिक्सरला लावली नाही, उखळात तेल सुटेपर्यंत कुटायची आणि कुटता कुटता नाटकातले संवाद म्हणून दाखवायची.

लोक नावं ठेवायचे. घरातली भांडी तशीच टाकून ही पाखरं बघायला जाते म्हणून. "भांडी कुठं पळून जातात का?" एवढंच उत्तर. आपल्याकडं बाईनं हौस करायची ती पोरांच्या लग्नात आणि सणावाराला, नाहीतर सगळं घरचं आवरून झाल्यावर, आणि ते आवरून कधी होतच नाही. आईनं आवरायची वाट बघितली असती तर आम्हाला यातलं काहीच मिळालं नसतं. मी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात ऑफिसला आहे, कामावर जायच्या आधी संभाजी तलावावर चक्कर मारते, माझी मुलगी गाडीवर मागं बसून नुसत्या आवाजावरून टिटवी आणि चंडोल सांगते, आजीनंच शिकवलंय तिला.

आईची दुर्बीण आणि पक्ष्यांची मराठी पुस्तकं चांगल्या स्थितीत आहेत. सोलापुरातल्या एखाद्या शाळेत मुलांना माळावर घेऊन जाणारे शिक्षक असतील तर त्यांना ती द्यायची आहेत, कपाटात ठेवायला नकोत, मुलांच्या हातात पडली पाहिजेत. त्यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवली तर मी येऊन घेईन, आणि पहिल्या वेळेला त्यांच्याबरोबर नान्नजला यायची पण माझी तयारी आहे.

आपली एक वाचक,
सोलापूर