बाबांचा पाय आणि ते पहिले तीन दिवस

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बाबा माझं पुरतं ऐकून घेत नाहीत, आणि आई, तू "हो गं, समजलं" म्हणून मध्येच फोन ठेवतेस. म्हणून लिहायला बसले. वहिनीकडून वाचून घ्या. तोवर डॉक्टर बदलायचं आणि त्या गावठी मलमवाल्याकडे जायचं थांबवा, एवढं ऐका.

बाबा, तुमचं म्हणणं असं की बंबातल्या पाण्याने पोळलं त्या दिवशी पाऊल नुसतं लाल होतं, दोन फोड होते. डॉक्टरांचं मलम सुरू केलं आणि तिसऱ्या दिवशी मधला भाग पांढुरका पडला, म्हणजे मलमानेच घात केला. आमच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात नातेवाईक कायम हेच भांडण घेऊन येतात. "आणलं तेव्हा बरं होतं, इथं येऊन वाढलं." मला त्यांचा राग येत नाही, कारण डोळ्यांना तसंच दिसतं. पण भाजल्याची जखम पहिल्या दिवशी दिसते तेवढीच असेल असं नसतं. आच निघून गेल्यावरही ती दोन-तीन दिवस आत उतरत राहते. म्हणून पहिल्या दिवशी "किती खोल आहे?" विचारलं तर आमचे डॉक्टरही पक्कं सांगत नाहीत, तिसऱ्या दिवशी पुन्हा बघतात.

हे काही नवं ज्ञान नाही. १९५३ मध्ये जॅक्सन नावाच्या इंग्लंडमधल्या सर्जननी भाजलेल्या कातडीचे तीन पट्टे सांगितले, आजही आम्हाला तेच शिकवतात. मधोमध जिथे आच थेट लागली ते मेलेलं असतं, ते परत येत नाही. कडेला लाल झालेलं असतं, ते आपोआप बरं होतं. या दोघांच्या मध्ये एक पट्टा असतो, जिवंत पण अडचणीत सापडलेला. तिथलं रक्त संथ झालेलं असतं. आपल्या गल्लीत नळाला पाणी येतं तेव्हा पहिल्या घरांच्या टाक्या भरतात आणि शेवटच्या घरात नुसती करंगळीएवढी धार लागते ना, त्या पट्ट्याची गत शेवटच्या घरासारखी. सूज चढली की बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्ताच्या बारीक गुठळ्या अडकतात, शरीर स्वतःच तिथे दाह वाढवतं, आणि धार बंद पडते. मग तो पट्टाही मेलेल्या भागात जमा होतो. जखम आतही उतरते आणि रुंदही होते. सगळी लढाई या मधल्या पट्ट्यासाठी असते.

तुमच्या बाबतीत दोन गोष्टी आणखी आड आल्या. एक, साखर. इतक्या वर्षांच्या मधुमेहाने पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आधीच अरुंद झालेल्या असतात, आणि संवेदना कमी झालेली असते. म्हणून तर बंबातल्या पाण्याचा चटका तुम्हाला वेळेवर कळला नाही. ६० अंशाच्या पाण्यात धडधाकट माणसाची कातडीही ५ सेकंदांत खोलवर भाजते, उतारवयात कातडी पातळ होते तेव्हा त्याहून लवकर. "दुखत नाही म्हणजे विशेष काही नाही" असं तुम्ही सगळ्यांना सांगताय ते कृपा करून बंद करा. खोल भाजलेलं दुखत नाहीच, कारण तिथल्या संवेदना नेणाऱ्या नसा जळालेल्या असतात, आणि तुमचं पाऊल तर आधीपासूनच बधिर आहे. दुसरी गोष्ट विडी. आई, तू आयुष्यभर विड्या वळून आम्हाला शिकवलंस, त्या विडीला मी कधी नावं ठेवली नाहीत. पण बाबा, तिच्यातल्या निकोटिनने रक्तवाहिन्या आवळतात. निदान जखम भरेपर्यंत तरी सोडा.

आता मलमाबद्दल, कारण तुमचा संशय त्याच्यावर आहे. वहिनीने पाठवलेल्या फोटोत दिसतंय ते सगळंच जखमेचं पांढरं नाही. चांदीचं ते पांढरं मलम दोन-तीन दिवस लावलं की जखमेवर पिवळट-पांढरा थर धरतं, आणि तो थर बघून आमच्यासारखेही फसतात. तो हलक्या हाताने धुऊन काढल्यावरच खाली काय आहे ते कळतं. गुलाबी ओलसर असेल आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग परत येत असेल तर उत्तम. दाबूनही रंग बदलत नसेल, कोरडं आणि चामड्यासारखं लागत असेल, तर खोल. मला विचाराल तर वरवरच्या भाजण्याला हे मलम मला फारसं आवडत नाही, त्याने भरायला वेळ लागू शकतो. तीन-चार दिवस तशीच ठेवता येणारी ड्रेसिंगही मिळतात. डॉक्टरांना जरूर विचारा. पण विचारणं वेगळं आणि मलम बंद करून पाऊल उघडं टाकणं वेगळं. "वारा लागू दे, वाळू दे" हा शेजारच्या अक्कांचा सल्ला अजिबात नको. वाळली की जखम आणखी खोल जाते, मधल्या पट्ट्याला जगायला ओल हवी असते.

अक्कांनी त्या दिवशी टूथपेस्ट लावायला सांगितली आणि आईने हळद लावली. हळदीने सगळं पिवळं होतं, मग जखम किती खोल ते कळत नाही. तूप-तेलाने आतली आच आतच राहते. शाई, बटाटा, अंड्याचा बलक, सगळे याच माळेतले. पोळलं की फक्त गार पाणी, तेही २० मिनिटं, आणि जितक्या लवकर तितकं बरं. तीन तासांच्या आत केलं तरी फायदा होतो, हे बहुतेकांना ठाऊकच नसतं. लोक एक मग ओतून थांबतात. बर्फ मात्र नाही, त्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि मधला पट्टा जास्तच उपाशी मरतो.

तुम्ही म्हणाल, सोलापुरात २० मिनिटं नळ सोडायला पाणी आहे कुठे? बरोबर आहे. म्हणून खाली पाटी ठेवायची, वरून तांब्याने सावकाश धार धरायची, पाटीतलं पाणी झाडांना. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी तर अजिबात घेऊ नका, एप्रिल-मे मध्ये त्यानेच चटका बसतो. जमिनीतल्या हौदाचं घ्या. माणूस म्हातारा किंवा मूल असेल तर बाकीचं अंग पांघरून ठेवायचं, नाहीतर हुडहुडी भरते. अंगठी, जोडवी, पैंजण सूज यायच्या आत काढायचे. मग धुतलेलं सुती कापड सैलसर झाकून दवाखाना. भाजलेला भाग आपल्या तळहातापेक्षा मोठा असेल, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग असेल तर लहान असला तरी दवाखाना. बोटांसकट तळहात म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. मधुमेह्याचं पाऊल असेल तर आकार मोजत बसायचंच नाही.

आता पुढचं. बाबा, पाय खाली सोडून बसायचं नाही. बसलात तरी पाय खुर्चीवर उशीवर, छातीच्या पातळीच्या वर नेता आला तर फार चांगलं. सूज उतरली की रक्ताला वाट मिळते. पाणी पीत राहा. फार भाजलेल्या माणसाला आम्ही वजन आणि भाजलेला भाग यांचा हिशेब करून पहिल्या दिवसात कित्येक लिटर सलाईन देतो, निम्मं पहिल्या ८ तासांत, तेही याच मधल्या पट्ट्यापर्यंत रक्त पोचावं म्हणून. तुमचं एवढं नाही, पण उपास करायचा नाही. डाळ, अंडी, ताक जेवणात असू द्या. कडक भाकरी चालेल, साखर वाढवणारं काही नको. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने वाढवायचं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आईने डॉक्टरांना विचारावं. पट्टी घट्ट नको. फोड राहिला असेल तर घरी फोडू नका. ताप आला, घाण वास आला, लाली घोट्याकडे सरकली किंवा कुठे काळं दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता सिव्हिलला.

आणि गड्डा, आपल्या सिद्धरामेश्वरांची जत्रा. दरवर्षी नंदीध्वजाच्या मिरवणुकीबरोबर अनवाणी चालण्याचा तुमचा नेम मला माहीत आहे. यंदा चालायचं नाही. तेवढी वाट त्या पावलाने तुडवली तर मधला पट्टा उरणार नाही. दादा स्कूटरवरून अक्षता सोहळ्याला नेईल, लांबून हात जोडा. सिद्धरामेश्वरांना पाय नको आहेत.

तीन आठवड्यांत भरत नाही असं दिसलं तर डॉक्टर कातडी लावायचं म्हणतील. म्हणजे त्यांचं चुकलं असं समजू नका. आपोआप भरायला इतका वेळ लागला की जाड व्रण येतो, सांधा आखडतो, मध्ये जंतूही घुसतात. मेलेला भाग लवकर काढून कातडी लावणं ही १९७० नंतर जगभर रूढ झालेली पद्धत आहे. घाबरून पुढे ढकललं तर जास्त महाग पडतं, सगळ्या अर्थांनी.

आई, बंब पेटवशील तेव्हा आधी बादलीत गार पाणी, मग त्यावर बंबातलं, उलट कधी नाही. पाणी तुझ्या कोपराने बघायचं, बाबांच्या पायाने नाही.

बुधवारी ड्रेसिंगला जाल तेव्हा वहिनीला सांग, मलम धुतल्यावर आणि नवं लावायच्या आधी दिवसाच्या उजेडात फोटो काढून पाठव. शेजारी एक नाणं ठेवा म्हणजे आकार कळेल.

तुमची,
मनी