आतला छेद कसा होता, ते आधी बघ

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

‘एकदा सिझर झालं की पुढचंही सिझरच’ असं तुला सगळे सांगतायत, आणि तुला तर या खेपेला नॉर्मल बाळंतपण हवंय. हे वाक्य १९१६ सालचं, एडविन क्रॅगिन नावाच्या डॉक्टरचं. तेव्हा गर्भाशयावर उभा छेद घेत आणि पुढच्या कळांत तो उसवायची भीती मोठी असे. आता बहुतेक वेळा खालच्या भागात आडवा छेद घेतात. तसा असेल तर कळा सोसताना तो उसवण्याचं प्रमाण दोनशे जणींत साधारण एक, आणि प्रयत्न करणाऱ्या शंभरातल्या ६० ते ८० जणींची नॉर्मल होते. लेबर रूममध्ये नोकरी केली, म्हणून एवढं ठामपणे लिहितेय.

पण पोटावरचा व्रण आडवा म्हणजे आतलाही आडवाच, असं धरू नकोस. ते फक्त ऑपरेशनच्या कागदावर कळतं. फाइल शोध, नसेल तर त्या हॉस्पिटलमधून नक्कल माग. उभा निघाला तर हट्ट सोडायचा.

गेल्या वेळी बाळ पायाळू होतं. या खेपेला डोकं खाली असेल तर ते कारणच उरलं नाही. गेल्या वेळी गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडूनही बाळ खाली सरकलं नसतं, तर मी इतका धीर दिला नसता.

डॉक्टरांना एक सरळ विचार: रात्री दोन वाजता भूल देणारे डॉक्टर तिथेच असतात की घरून बोलवावे लागतात? रक्ताची सोय? उत्तर गुळमुळीत आलं तर हॉस्पिटल बदल, संकोच करू नकोस. कळा आणायची औषधं द्यायची म्हटलं तर कोणती आणि का, तेही विचार. त्यांनी धोका वाढतो.

कळा सुरू झाल्या की बाळाचे ठोके बघायला पोटावर पट्टा बांधतील. कूस बदलताना तो सरकतो, टोचतो, वैताग येतो. तरी काढायला लावू नकोस. टाका उसवायला लागला तर पहिली खूण बहुधा ठोक्यांतच दिसते. आणि कळ ओसरल्यावरही दुखणं थांबेना, तर सिस्टरला लगेच हाक मार.

मधेच सिझर करावं लागलं, तर ते आधी ठरवून केलेल्यापेक्षा थोडं जड जातं, हेही धरून चाल. पण तुला तिसरं हवंय ना? दर सिझरगणिक बाळाला पोसणारी वार जुन्या व्रणात रुतून बसायचा धोका वाढतो. हे तुमच्या दोघांच्या बोलण्यात यायला हवं, माझ्या नाही.

पुढच्या तपासणीची तारीख कळव. लेकीला मी सांभाळते, तुम्ही दोघं जा.

तुझी आई