विनावेतन ट्रेनिंगला जाणाऱ्या मुलांचा विमा कोणी काढायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परीक्षा संपत आल्या की बडोद्यातल्या कॉलेजांच्या ऑफिसांबाहेर ट्रेनिंग लेटरसाठी (प्रशिक्षणाला पाठवत असल्याच्या पत्रासाठी) रांगा लागतात. कोणी मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जाणार असतो, कोणी नंदेसरीला, कोणी मंजुसरला, कोणी हालोलला. दवाखान्यात, बँकेत, सामाजिक संस्थेत जाणारी मुलेही पुष्कळ. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनाही इंटर्नशिप आली आहे. यूजीसीच्या हिशेबाने तिथे १ क्रेडिट (पदवीचा अभ्यास मोजण्याचे एकक) म्हणजे ३० तास, म्हणजे ४ क्रेडिटना १२० तास काम. यातल्या बहुतेकांना एक रुपयाही मिळत नाही. पगार नसला की त्याच्याबरोबर अपघाताचे संरक्षणही जाते, हे पालकांना सोडाच, ट्रेनिंग लेटरवर सही करणाऱ्यांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. तेवढ्यासाठी हे पत्र.

मूळ गोम अशी की कामावरच्या अपघाताची आपल्याकडची सगळी व्यवस्था पगारावर उभी आहे. ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा घ्या. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांसाठी ती योजना आहे. कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, मालक ३.२५ टक्के भरतो. पगार शून्य, तर दोन्ही रकमा शून्य. मग ईएसआयचा नंबर पडत नाही आणि दवाखान्याचे कार्डही निघत नाही. १९२३ चा भरपाई कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, पण तिथेही कर्मचारी म्हणजे वेतनावर ठेवलेला माणूस. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही आता कामावरचा धरतात, ही चांगली सुधारणा आहे, मात्र विनावेतन विद्यार्थ्याला तिचा उपयोग नाही.

जुन्या १९४८ च्या कारखाना कायद्यात कामगाराची व्याख्या करताना ‘मोबदला असो वा नसो’ असे शब्द होते. यंत्रापाशी उभ्या असलेल्या बिनपगारी पोरालाही त्या शब्दांचा आधार होता. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कामगार म्हणजे मोबदल्यासाठी काम करणारा. ते तीन-चार शब्द गेल्याची नोंद आपल्या विद्यापीठांनी घ्यायला हवी होती.

कंपनीत चौकशी केली की उत्तर येते, ‘आमची डब्ल्यूसी पॉलिसी आहे, काळजी करू नका.’ कामगारांच्या अपघात-भरपाईची ही पॉलिसी असते हे खरेच. पण तिचा प्रीमियम ठरतो तो मालकाने कळवलेल्या कामगारांच्या संख्येवर आणि वर्षाच्या एकूण पगारावर. ज्याचा पगार शून्य, तो त्या यादीत येतच नाही. क्लेम आला की विमा कंपनी आधी हजेरीपट आणि पगारपत्रक मागते, आणि तिथेच फाइल बंद होते. यावर इलाज आहे, आणि तो महागही नाही. मालकाने एजंटला सांगून पॉलिसीत जोडपत्र करून घ्यायचे. त्यात ट्रेनींची संख्या, तारखा आणि (प्रत्यक्षात मिळत नसला तरी) विम्यापुरता धरून चाललेला पगार लिहून घ्यायचा. मोठ्या कारखान्यांचे एचआर हे करू शकते. मकरपुऱ्यातल्या आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपला मात्र कोणी तरी समजावून सांगावे लागेल.

अप्रेंटिस या शब्दाने फार घोळ होतो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली रीतसर करार करून सरकारी पोर्टलवर ज्याची नोंद झाली, त्याला स्टायपेंड मिळतो आणि कलम १६ प्रमाणे इजेची भरपाई देणे मालकावर बंधनकारक असते. कॉलेजच्या चिठ्ठीवर सहा आठवडे गेलेला मुलगा, लेटरमध्ये कोणी त्याला ‘अप्रेंटिस’ म्हटले तरी, त्या कायद्यात बसत नाही. केंद्राच्या पीएम इंटर्नशिप योजनेत विम्याचा हप्ता सरकार भरते, पण पूर्णवेळ शिकणाऱ्याला ती योजनाच खुली नाही. ज्यांची जबाबदारी अजून कोणीच घेतलेली नाही अशी हीच मुले नेमकी उरतात.

बरीच कॉलेजे ‘प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढून आणा’ म्हणून मोकळी होतात. वर्षाला २० रुपयांत तो विमा जरूर काढावा, पण त्यात काय मिळते ते नीट पाहावे. मृत्यू किंवा संपूर्ण कायमचे अपंगत्व आले तर २ लाख. एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेला तर १ लाख. बस. प्रेस मशीनमध्ये किंवा लेथवर मुलाचे बोट गेले तर या योजनेतून काही मिळत नाही. दवाखान्याचे बिलही मिळत नाही. ट्रेनिंगमध्ये नवख्या मुलांना ज्या इजा होतात त्या बहुतेक बोटांच्या, डोळ्यात कण जाण्याच्या आणि भाजण्याच्या असतात. नेमक्या त्याच इजा इथे बाहेर राहतात.

या योजनेचे वर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मेला संपते. मे महिन्याच्या मध्यावर ट्रेनिंगला लागणाऱ्या मुलाने तेव्हा फॉर्म भरला तर २० रुपयांत पंधरवड्याचाच विमा मिळतो, आणि नव्या वर्षाचे २० रुपये मेअखेरीस खात्यातून आपोआप कापले जातात. खात्यात तेवढे नसले की विमा खंडित. विद्यार्थ्यांच्या खात्यात मेअखेरीस किती शिल्लक असते ते वेगळे सांगायला नको. शिवाय वय १८ पुरे लागते. दहावीनंतर डिप्लोमाला गेलेली कित्येक मुले पहिल्या ट्रेनिंगच्या वेळी १७ वर्षांची असतात, त्यांना हा विमा मिळूच शकत नाही.

खरा उपाय म्हणजे कॉलेजने किंवा विद्यापीठाने काढलेला समूह वैयक्तिक अपघात विमा. काही ठिकाणी तो असतो, फीच्या पावतीवर ‘विमा’ म्हणून रक्कमही दिसते. पण पालकांनी पॉलिसीची प्रत मागून चार गोष्टी वाचाव्यात. पहिली, कव्हर चोवीस तासांचे आणि सगळीकडचे आहे, की फक्त कॉलेजच्या आवारातले? आवारापुरती पॉलिसी ट्रेनिंगला कुचकामी. दुसरी, तारखा. पॉलिसी शैक्षणिक वर्षाप्रमाणे एप्रिलअखेरीस किंवा मेमध्ये संपत असेल आणि नवी जुलैत सुरू होत असेल, तर ट्रेनिंगचे दोन्ही महिने कोरडे गेले. तिसरी, अंशतः कायमच्या अपंगत्वाचा तक्ता. नेहमीच्या तक्त्यात तर्जनी पूर्ण गेली तर विमा रकमेच्या १० टक्के मिळतात. म्हणजे १ लाखाच्या पॉलिसीत १० हजार. म्हणून रक्कम निदान ५ लाख असावी. चौथी, अपघातानंतरच्या औषधोपचाराचा खर्च आहे की नाही. वडिलांच्या मेडिक्लेममध्ये मुलाचे नाव असले तरी तिथे सहसा २४ तास ॲडमिट व्हावे लागते. टाके घालून त्याच दिवशी घरी आलेल्या मुलाचा खर्च त्यात बसत नाही.

कॉलेजने हात वर केले, तर स्वतःपुरती ‘सरल सुरक्षा विमा’ ही पॉलिसी घेता येते. विमा नियामकाने २०२१ पासून सगळ्या साधारण आणि आरोग्य विमा कंपन्यांना ती एकाच मसुद्यात ठेवायला लावली आहे. अडीच लाखांपासून सुरू होते, आणि औषधोपचाराचे जास्तीचे कव्हर मागून घ्यावे लागते. ते जरूर मागावे.

आता लेटरबद्दल. क्लेम अडकतात ते बहुतेक याच एका कागदापायी. त्यात मुलाचे नाव आणि एनरोलमेंट नंबर, सुरू आणि संपण्याची तारीख, रोजचे तास, विभाग, देखरेख करणाऱ्याचे नाव आणि युनिटचा पूर्ण पत्ता हवा. पत्त्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. लेटर मकरपुऱ्याच्या ऑफिसचे असते आणि तिसऱ्या दिवशी मुलाला ग्राहकाच्या साइटवर दहेजला पाठवतात. अपघात दहेजला झाला तर मकरपुऱ्याची कंपनी म्हणते आमच्या आवारात नव्हता, दहेजवाले म्हणतात आमचा ट्रेनी नव्हता. बाहेर पाठवायचे असेल तर तसा ईमेल आधी कॉलेजला गेला पाहिजे. तेच मुदतवाढीचे. ‘अजून दोन आठवडे थांब, प्रोजेक्ट पुरा कर’ असे तोंडी सांगितले जाते. लेटरची तारीख उलटली की मूल परवानगीशिवाय आत असलेला माणूस ठरते.

‘अपघात झाल्यास कंपनी जबाबदार राहणार नाही’ असे हमीपत्र सर्रास मागतात. त्याने घाबरून जाऊ नये आणि ते किरकोळही समजू नये. १८ वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्याने मुळातच निरर्थक आहे. सज्ञान मुलाच्या सहीनेही मालकाचा निष्काळजीपणा धुऊन निघत नाही. यंत्राचे गार्ड काढून ठेवले असेल तर त्याचा जाब विचारता येतो. पण कोर्टात जायला वर्षे लागतात. सही करण्यापूर्वी त्याच कागदावर एक ओळ लिहून घ्यावी: सुरक्षेची साधने आणि पहिल्या दिवसाचे सुरक्षा प्रशिक्षण कंपनी देईल.

नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतीत जाणाऱ्यांसाठी एक कमी माहितीची गोष्ट. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा कायदा घातक रसायनांच्या अपघातात कामगार सोडून इतर कोणालाही लागू होतो. पगार नाही म्हणून तुम्ही कामगार नाही, असे मालक म्हणत असेल, तर हा दरवाजा उघडतो. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, अपघातापासून ५ वर्षांच्या आत. चूक कोणाची ते इथे सिद्ध करावे लागत नाही.

नर्सिंग, फिजिओथेरपी, लॅबच्या मुलांचा प्रश्न वेगळा. हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. ट्रेनिंगच्या आधल्या आठवड्यात धावपळ करून ते होत नाही, प्रवेशाच्या वेळीच सुरू करावे लागतात. वापरलेली सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो २ तासांत, फार तर ७२ तासांत सुरू झाले पाहिजे, आणि ते २८ दिवस घ्यायचे असते. रविवारी रात्री हे औषध कोण देणार, याचे उत्तर लेटरसोबत मुलाच्या हातात असावे.

जाण्यायेण्यातला धोकाही कमी नाही. हालोल, वाघोडिया, सावलीकडे मुले बापाच्या स्कूटरने जातात. गाडीच्या विम्यातले १५ लाखांचे अपघात कव्हर गाडीच्या मालक-चालकासाठी असते. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर चालवणाऱ्या मुलाला ते लागू नाही. आणि लायसन्स नसेल तर वैयक्तिक अपघात विमाही नाकारला जातो.

अपघात झालाच तर पहिल्या तासात काय लिहिले जाते त्यावर पुढचे सगळे ठरते. सुपरवायझर सांगतो, ‘डॉक्टरांना घरी लागलं म्हण, उगाच पोलीस केस होईल.’ मुलगा घाबरून तसेच म्हणतो आणि केस पेपरच्या पहिल्या ओळीत ‘घरी पडून इजा’ असे उमटते. विमा कंपनी तीच ओळ वाचते. नंतर कितीही खुलासे केले तरी ती ओळ पुसली जात नाही. म्हणून जागा, यंत्र, वेळ खरी सांगावी, एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद करून घ्यावी, त्याच दिवशी कॉलेजला आणि विमा कंपनीला ईमेल करावा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म ३० दिवसांत बँकेच्या शाखेत द्यायचा असतो. कायमच्या इजेला सिव्हिल सर्जनचे प्रमाणपत्र लागते. बिले आणि एक्स-रे मूळ प्रतीत जपावे.

विद्यापीठाकडे आमचे मागणे एकच आहे. समूह अपघात विम्याचा पॉलिसी नंबर आणि त्याच्या दोन तारखा ज्या ट्रेनिंग लेटरवर छापलेल्या नाहीत, त्यावर विभागप्रमुखांनी सही करू नये. हजारो विद्यार्थी एकाच पॉलिसीत आले की माणशी हप्ता परीक्षा फीच्या तुलनेत किरकोळ पडतो. ज्या कामाचे आपण क्रेडिट देतो, ते काम करायला आपणच मुलांना पाठवतो. मग त्याचा विमाही आपणच काढायचा. हा नियम मेच्या सुट्टीआधी निघाला, तरच या वर्षी जाणाऱ्या मुलांच्या कामी येईल.

आपले,
विद्यार्थ्यांच्या ट्रेनिंगची कागदपत्रे आणि अपघात विम्याचे क्लेम पाहणारे काही बडोदेकर
दांडिया बाजार, बडोदे