झोपेच्या गोळ्यांचं रजिस्टर कुणी उघडून बघणार आहे का? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य

महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावातल्या मेडिकलने माझ्या आईला चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या दिल्या, अशी तक्रार मी आपल्या खात्याकडे केली होती. परवा दुपारी मोबाइलवर संदेश आला, "आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे." काय निकाल लागला ते त्यात नाही. दुकान तपासलं का, रजिस्टर पाहिलं का, कुणाला नोटीस गेली का, एक अक्षर नाही. फोनवर एका साहेबांनी मला शब्द दिला होता, "ताई, आम्ही स्वतः जाऊन रजिस्टर बघतो आणि तुम्हाला कळवतो." त्या शब्दावर विसंबून मी अख्खा पावसाळा काढला. आपला वेळ मोलाचा आहे याची मला जाणीव आहे, पण आता थेट आपल्यालाच लिहिण्यावाचून मार्ग उरला नाही.

तक्रार माझ्या आईच्या गोळ्यांची आहे. आईचं वय 78. बाबा गेले तेव्हा तिची झोप उडाली. गावातल्या डॉक्टरांनी अल्प्राझोलामची पाव मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, 10 दिवसांसाठी. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. 10 दिवसांची गोळी वर्षानुवर्षं चालली. आई रिकामी पट्टी घेऊन मेडिकलमध्ये जायची आणि भरलेली पट्टी घेऊन यायची. पुढे दुकानातला पोरगाच घरी आणून देऊ लागला. पावने झोप लागेना म्हणून अर्ध्याची सुरू झाली, तीही काउंटरवरच्या सल्ल्याने. मग गुडघे दाखवायला गेली तिथे दुसऱ्या डॉक्टरांना म्हणाली, झोप येत नाही. त्यांनी झोल्पिडेम 10 मिलिग्रॅम लिहिली. आधीची काही गोळी चालू आहे का, हे त्यांनी विचारलं नाही. आईनेही सांगितलं नाही, कारण तिच्या लेखी ते औषध नव्हतंच, रोजच्या चहासारखी सवय होती. दोन्ही पट्ट्या एकाच काउंटरवरून, एकाच हाताने तिला मिळत राहिल्या. डॉक्टरांना एकमेकांचं ठाऊक नव्हतं. पण त्या काउंटरला सगळं ठाऊक होतं.

एका रात्री ती उठली आणि बाथरूमच्या उंबऱ्यात पडली. खुब्याचं हाड मोडलं. आपण उठलो कधी, चाललो कधी, तिला काही आठवत नाही.

ऑपरेशनच्या आधी काय काय औषधं चालू आहेत असं विचारलं तेव्हा मी बीपीची आणि थायरॉईडची सांगितली, कारण मला तेवढीच माहीत होती. झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद झाल्या. दोन-तीन दिवसांत आईचे हात थरथरू लागले, घामाने गाऊन भिजायचा, भिंतीवर माणसं दिसायला लागली. मला ती माझ्या वारलेल्या मावशीच्या नावाने हाका मारत होती. सलाईनची सुई उपटून काढायची म्हणून तिचे हात बांधावे लागले. ते मी माझ्या हातांनी बांधले, मंत्रिमहोदय. सगळे म्हणत होते वय झालंय, ऑपरेशननंतर होतं असं. शेवटी रात्रपाळीच्या एका तरुण डॉक्टर मुलीने विचारलं, "आजी झोपेचं काही घेत होत्या का?" मी घरी धावले आणि पोथीच्या कपाटात पट्ट्यांनी भरलेला बिस्किटांचा डबा सापडला. ही गोळी वर्षानुवर्षं घेऊन अचानक थांबवली तर झटकेसुद्धा येतात. ती उतरवायची तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडी थोडी कमी करत, आठवड्यांनी आणि महिन्यांनी. हे मला त्या रात्री कळलं. दुकानात बसणाऱ्याला ते परवाना घेताना माहीत असायला हवं.

आता कायद्याचं बोलू. आपल्याला सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण गेले काही महिने मी हेच वाचते आहे. 30 ऑगस्ट 2013 च्या अधिसूचनेने केंद्राने शेड्यूल एच-1 आणलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विक्रीची नोंद ठेवायची अशा औषधांची यादी, 1 मार्च 2014 पासून ते लागू आहे. 46 औषधं त्यात घातली. अल्प्राझोलाम त्यात आहे, झोल्पिडेम त्यात आहे, डायझेपाम आणि नायट्राझेपामही आहेत. विकताना वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरांचं नाव-पत्ता, रुग्णाचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, ते रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं आणि तपासणीसाठी खुलं ठेवायचं. याखेरीज 1948 चा फार्मसी कायदा म्हणतो की औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यावं. आमच्या मेडिकलमध्ये भिंतीवर एका बाईंचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलंय. त्या बाईंना गावात कुणी कधी पाहिलेलं नाही.

म्हणजे कायदा दहा वर्षांहून जुना आहे आणि नेमका माझ्या आईसारखीसाठीच केलेला आहे. आईचं नाव त्या रजिस्टरमध्ये असेल तर कुठल्या डॉक्टरच्या नावावर, आणि नसेल तर त्या सगळ्या पट्ट्या कुणाच्या नावावर विकल्या गेल्या? मी विचारलेला प्रश्न एवढाच होता. रजिस्टर उघडायला पाच मिनिटं लागतात.

मालेगावात नशा करणारी पोरं याच अल्प्राझोलामला "कुत्ता गोळी" म्हणतात. पोलीस धाडी घालतात, मुलांना पकडतात, पेपरात फोटो येतात. धाडी घाला, माझी हरकत नाही, त्या पोरांच्याही आया रडत असतील. पण तीच गोळी पोथीच्या कपाटात पोचते तेव्हा कुणाचं लक्ष का जात नाही? म्हातारी बाई कुणाला त्रास देत नाही, गुपचूप झोपते, म्हणून? माझ्या अंदाजाने आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांत असा एखादा डबा निघेल.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये बायकांसाठी झोल्पिडेमचा सुरुवातीचा डोस 10 वरून 5 मिलिग्रॅमवर आणला, कारण बायकांच्या रक्तात ती सकाळपर्यंत जास्त उरते. म्हाताऱ्यांना तर 5 च सांगतात. 2019 मध्ये त्यांनी सगळ्यात कडक, चौकटीतला इशारा छापायला लावला, कारण माणसं ही गोळी घेऊन झोपेत चालली, झोपेत गाडी चालवली, आणि काहींचा जीव गेला. माझ्या 78 वर्षांच्या आईला 10 ची मिळत होती, वर अल्प्राझोलाम. पट्टीवर लाल चौकट आहे, लाल अक्षरांत इशारा आहे. तो इंग्रजीत आहे. आई सातवी शिकलेली, मराठी पोथ्या घडाघडा वाचते. मराठीत चार ओळी असत्या तर तिने वाचल्या असत्या: अंथरुणात पडल्यावरच घ्या, पुढे सात-आठ तास झोपायला हाताशी असतील तरच घ्या. दारू, कोडीनचं खोकल्याचं औषध, दुसरी झोपेची गोळी सोबत नको, श्वास मंदावतो. जोरात घोरत असाल तर आधी डॉक्टरांना सांगा. स्वतःच्या मनाने वाढवू नका, स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. मराठी राज्यात मराठी म्हातारीला हे मराठीत कळू नये?

आपल्याच खात्यात महेश झगडे आयुक्त होते तेव्हा त्यांनी फार्मासिस्ट हजर हवा आणि चिठ्ठीशिवाय औषध नको असा आग्रह धरला होता. दुकानदारांनी बंद पुकारले होते. म्हणजे मनात आणलं तर करता येतं, हे या राज्याने पाहिलेलं आहे. नंतर काय झालं? माणूस बदलला की कायदा झोपतो, मग त्याला कायदा तरी का म्हणायचं? ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट 2018 मध्ये काढला, त्यालाही आता किती वर्षं झाली ते मोजा. आता आईच्या गोळ्या हळूहळू उतरवणं चालू आहे, त्यासाठी मी दर वेळी ताजी चिठ्ठी नेते. चिठ्ठी कुणी हातात घेत नाही. दुसऱ्या दुकानात गेले, तिथेही नाही.

आणि मुळात म्हातारीची झोप उडाली तर तिने जावं कुठे? नवरा गेलेल्या बाईला डॉक्टरांकडे तीन मिनिटं मिळतात, तीन मिनिटांत गोळीच लिहून होते. झोप न येण्यावर आधी बोलून, सवयी बदलून उपचार करायचे असतात, गोळी थोड्या दिवसांची सोबत, असं जगभरचे डॉक्टर सांगतात. आमच्या तालुक्यात ते उपचार देणारा माणूसच नाही. राज्याची मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी, चार. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या क्रमांकावर 2022 पासून फुकट बोलता येतं, हे मला दवाखान्यातल्या बाकावर एका अनोळखी बाईने सांगितलं. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फलक आहेत, हा क्रमांक नाही.

रजिस्टरची तपासणी करा आणि काय सापडलं ते तालुक्यानुसार जाहीर करा. मराठी पत्रक प्रत्येक पट्टीसोबत सक्तीचं करा. आणि ज्यांना वर्षानुवर्षं या गोळ्यांवर ठेवलं गेलं त्यांना त्या सुखरूप उतरवायला जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस तरी डॉक्टर बसवा. हे खातं माझं नाही असं उत्तर आलं तर ज्यांचं आहे त्यांच्या टेबलावर हे पत्र आपण स्वतः ठेवा.

आपली,
वॉकर धरून चालणाऱ्या एका आईची मुलगी