एल बोर्डाचे तीस दिवस : काकांना खुलं पत्र

काका,
सा. न. वि. वि.

आपल्या सोसायटीतल्या ज्या मुलामुलींचं लायसन्स तुमच्या हाताखाली निघालं, त्यांच्या आईवडिलांतर्फे हे पत्र. तोंडावर आभार मानले की तुम्ही "बरं बरं" म्हणून विषय बदलता. म्हणून लिहून देतोय, आणि नोटीस बोर्डावर लावतोय, म्हणजे ज्यांची मुलं अजून अकरावी-बारावीत आहेत त्यांनाही उपयोग होईल.

पहिले आभार तुमच्या नकाराचे. "सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं ना?" असं विचारत आलेल्या प्रत्येकाला तुम्ही न कंटाळता सांगितलंत की मिळतं, पण बिनगिअरच्या आणि ५० सीसीपर्यंतच्याच गाडीचं, तेही पालकांच्या संमतीनं. आपल्या पार्किंगमधल्या स्कूटर ११०-१२५ सीसीच्या. ते लायसन्स खिशात ठेवून त्या चालवल्या तरी मूल विनापरवानाच. "क्लास तर कोपऱ्यावर आहे" हे आम्हा पालकांचं पालुपद. त्यावर तुम्ही मोटार वाहन कायद्याचं कलम १९९-अ पुढे करायचात : पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरचा अपघात झाला आणि हे कलम पुण्यात घरोघरी पोचलं. तुम्ही ते आधीपासून सांगत होतात, तेव्हा कुणी मनावर घेत नव्हतं.

मग अठरा पूर्ण. इथं तुम्ही आधी पोरांचं आधार कार्ड मागायचात, आणि त्याचं कारण अर्ज भरायला बसल्यावर कळायचं. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर आधारच्या ओळखीनं अर्ज केला तर लर्निंगची, म्हणजे शिकाऊ लायसन्सची, परीक्षा घरबसल्या देता येते, पण मग नाव, पत्ता, फोटो सगळं आधारमधून उचललं जातं. पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे आणि फोटो नव्यानं द्यायचे राहून गेले असतील तर लायसन्सवर तिसरीतलं गोंडस बाळ येतं. पत्ता गावचा असेल तर तोच चिकटतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर जातो, आणि तो नंबर बहुधा वडिलांचा असतो, वडील त्या वेळी मीटिंगमध्ये असतात! आधी आधार दुरुस्त, मग अर्ज, हा तुमचा क्रम. त्यामुळे कितीतरी हेलपाटे वाचले.

वाहनाच्या प्रकाराचंही तसंच. बिनगिअरच्या दुचाकीवर टिक केली तर पुढे मोटरसायकलसाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं. गिअरच्या दुचाकीचं असलं की स्कूटरही चालते. म्हणून गिअरची दुचाकी आणि हलकं मोटार वाहन (म्हणजे आपली कार), दोन्ही एकदम. खर्च म्हणाल तर केंद्राच्या नियमातले दर असे : लर्निंगचे प्रत्येक प्रकाराला १५० रुपये आणि परीक्षेचे ५०, पक्क्या लायसन्सच्या चाचणीचे प्रकारामागे ३०० आणि लायसन्सचे २००. वर कार्डाचे आणि टपालाचे. एजंट किती सांगतो ते ज्याचं त्यानं आठवावं.

लर्निंगच्या परीक्षेला ६० टक्के उत्तरं बरोबर लागतात. मुलं पाठ करून जातात आणि चिन्हांत अडकतात, कारण चिन्हं एकेक करून पाठ होत नाहीत. तुम्ही आकार शिकवलात : त्रिकोण सावध करतो, गोल हुकूम देतो, चौकोन माहिती देतो. निळ्या गोलावर एक तिरकी लाल रेघ म्हणजे पार्किंग नाही, दोन रेघांची फुली म्हणजे थांबायचंच नाही. आणि शेजारी बसून उत्तरं पुटपुटणाऱ्या आईबापांना तुम्ही खोलीबाहेर काढलंत, त्याबद्दल वेगळे आभार. वाईट वाटलं होतं, पण बरोबर होतं.

खरे आभार मात्र पुढच्या महिन्याचे. लर्निंग हातात आल्यावर पक्क्या लायसन्सच्या चाचणीआधी ३० दिवस जावे लागतात. बहुतेक घरांत हे दिवस नुसते मोजले जातात. तुमच्याकडे ते रोज पाऊण तासाचे, सकाळी साडेसहाचे. एल बोर्डसुद्धा तुम्ही नियमाच्या मापाचा करून घेतलात : १८ सेंटिमीटरचा पांढरा चौकोन, त्यावर किमान १० सेंटिमीटर उंच लाल अक्षर, एक पुढे, एक मागे. काचेला चिकटपट्टीनं लावलेला कागद तुम्हाला चालत नसे. एल बोर्ड नाही, शेजारी लायसन्सवाला नाही आणि गाडी ठोकली, तर विमा कंपनी नेमकं त्याच अटीवर बोट ठेवते, हे तुम्ही पॉलिसी उघडून दाखवलंत. शिकवणाऱ्यानं गाडी थांबवता येईल अशा जागी बसायचं, असा नियम आहे. घरच्या गाडीत दुसरा ब्रेक नसतो, म्हणून तुम्हाला मधे ओढायचा हँडब्रेक असलेलीच गाडी लागायची आणि तुमचा उजवा हात पूर्ण वेळ त्यावर असायचा.

पहिले दोन दिवस गाडी जागची हलायची नाही. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहील अशी सीट, मग आरसे, मग पट्टा. मुलं वैतागायची. तिसऱ्या दिवशी बेसमेंटचा रॅम्प. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, क्लच हळूहळू वर. इंजिनाचा आवाज जड होतो आणि बॉनेट अगदी बोटभर उचलल्यासारखं वाटतं, तिथं पाय धरून ठेवायचा. मग थोडा ॲक्सिलरेटर आणि शेवटी हँडब्रेक खाली. घाबरलेलं मूल नेमका उलटा क्रम करतं. हँडब्रेक आधी सोडतं, गाडी मागे सरकते, मग ॲक्सिलरेटर दाबतं आणि जळक्या क्लचचा वास वर पहिल्या मजल्यापर्यंत जातो. झटक्यात क्लच सोडला तर गाडी बंद. "बंद पडू दे. आधी ब्रेक, मग क्लच, मग किल्ली," हे तुम्ही ज्या आवाजात म्हणायचात, तो आवाज घरी आम्हाला काढता आला नाही.

दुचाकीसाठी मागच्या मोकळ्या जागेत फक्कीनं आखलेला आठाचा आकडा. पाय टेकतो तो बहुतेक वेळा नजरेमुळे : मूल पुढच्या चाकाकडे बघतं, गाडीही तिथंच पडते. मान वळवून फेऱ्याच्या पलीकडच्या टोकाकडे बघायचं, रेस एकसारखी ठेवायची, वेग फक्त मागच्या ब्रेकनं कमी करायचा. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आडवी, हे दोघातिघांनी स्वतः करून पाहिलं आहे. हेल्मेटचा पट्टा लावलेला नसला की तुम्ही फेरी मोजायचा नाहीत.

भोसरीच्या संगणकीकृत ट्रॅकवर चारचाकीची चाचणी होते तेव्हा "जाऊ दे" म्हणायला कुणी नसतं. तरी मुलं तिथं गेली ती गाडीची आरसी (नोंदणीचा कागद), विमा आणि पीयूसी (प्रदूषण तपासणीचा दाखला) आदल्या रात्री तपासून. पीयूसी संपलेली निघाली की चाचणीचा दिवस वाया जातो. चाचणीची तारीखही तुम्ही तीस दिवस भरताच घ्यायला लावायचात. बारावीच्या निकालानंतर तारखा लांबतात आणि लर्निंग सहा महिन्यांत संपतं. जी दोघं नापास झाली त्यांना तुम्ही शांतपणे सांगितलंत की सात दिवसांनी पुन्हा देता येते, तीनदा गेली तर मात्र साठ दिवस थांबावं लागतं. त्या सात दिवसांत त्यांच्याकडून नुसता रिव्हर्स करून घेतलात.

कार्ड टपालानं येतं, तोवर डिजिलॉकरमधली प्रत चालते, हे तुमचंच सांगणं. सगळ्यांची आली आहेत.

एल बोर्डांची जोडी धुऊन मीटरच्या खोलीत, वरच्या फळीवर ठेवली आहे. फक्कीचं अर्धं पोतंही तिथंच आहे. बी विंगमधली दोघं जूनमध्ये अठरा पूर्ण करतायत. त्यांची आधार कार्डं या रविवारी तुमच्याकडे पाठवतो.

आपले नम्र,
ए, बी आणि सी विंगमधले पालक