विनूस पत्र : झडपा डोक्यावर

फ्लिंटजवळ, मिशिगन
१२ ऑक्टोबर

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "अरे, पंचवीस वर्षं उलटून गेलेली ब्युइक गाडी अजून कशाला सांभाळतोयस? तिकडं तर गाड्यांचा सुकाळ." मागून वहिनी जेवायला हाका मारत होत्या, म्हणून विषय तिथंच राहिला. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. आज सकाळपासून पावसाची झड लागली आहे, तेव्हा बसून नीट लिहितो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात रोज इंजिनं उघडणाऱ्या माणसाला हे लिहिण्यात मजा आहे.

सुरुवात तुझ्या आजोबांपासून करतो. शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना १९२८ मध्ये निघाला. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि तिथं शेव्हरले गाड्या जोडल्या जायच्या. १९५४ मध्ये ते काम थांबलं. आजोबा तिथं फिटर होते. कोल्हापूरला परत आल्यावर लेथजवळच्या स्टुलावर बसून ते आपल्याला काय सांगायचे, आठवतं? "फोर्डच्या झडपा कुशीत, आमच्या झडपा डोक्यावर." इंजिनात मिश्रण आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, कुठं बसवल्यात एवढाच त्याचा अर्थ, पण आपल्याला तेव्हा त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्या वाक्याचं मूळ माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे, आणि ते शेव्हरलेच्याही आधी ब्युइकपाशी जातं.

डेव्हिड डनबर ब्युइक हा स्कॉटलंडमध्ये १८५४ साली जन्मलेला माणूस. दोन वर्षांचा असताना घरच्यांबरोबर अमेरिकेत आला. धंदा प्लंबिंगच्या सामानाचा, डेट्रॉइटला. बिडाच्या आंघोळीच्या टबावर पांढरं एनॅमल पक्कं बसवायची पद्धत त्यानं काढली. तेवढ्यावर पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. पण त्याला पेट्रोल इंजिनाचा नाद लागला. १८९९ मध्ये त्यानं आपला धंदा एक लाख डॉलरला विकला आणि सगळा पैसा इंजिनात घातला. वॉल्टर मार आणि यूजीन रिशार हे दोन कारागीर हाताशी होते. या मंडळींनी झडपा सिलिंडरच्या बाजूला न ठेवता वर हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणात, आणल्या. तुला पुढचं सांगायला नको. बाजूच्या झडपांमुळं ज्वलनाची जागा पसरट होते, मिश्रणाला वळसा घालून यावं लागतं. झडपा वर नेल्या की जागा आटोपशीर आणि त्याच मापाच्या सिलिंडरातून जास्त ताकद. त्या पहिल्या दोन सिलिंडरच्या इंजिनाचे वीस-बावीस घोडे (हॉर्सपॉवर) निघत. १९०३-०४ च्या मानानं ते भारीच होतं.

इंजिन जमलं, पैसा संपला. १९०३ मध्ये ब्युइक मोटर कंपनी नोंदवली गेली ती दुसऱ्यांच्या भांडवलावर, आणि लवकरच ती फ्लिंटच्या घोडागाड्यांच्या एका कारखानदारानं विकत घेतली. जुलै १९०४ मध्ये मार आणि ब्युइकचा मुलगा टॉमस एक गाडी घेऊन फ्लिंटहून डेट्रॉइटला गेले आणि चिखलातून परत आले. त्या सबंध वर्षात गाड्या झाल्या ३७. मग आला बिली ड्युरंट. हाही घोडागाडीवाला, देशातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी. मोटारगाडीवर त्याचा आधी विश्वास नव्हता, म्हणून फ्लिंटच्या आसपासच्या खाचखळग्यांतून त्यानं स्वतः ब्युइक हाकून पाहिली, कित्येक दिवस. पटली, आणि कंपनी हातात घेतली. जानेवारी १९०५ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात जाऊन त्यानं १,१०८ गाड्यांच्या ऑर्डरी आणल्या. तयार झालेल्या गाड्या किती, तर चाळीससुद्धा नाहीत! १६ सप्टेंबर १९०८ ला ड्युरंटनं जनरल मोटर्स उभी केली ती याच ब्युइकच्या कमाईवर. तुझ्या आजोबांचा शिवडीचा पगार, मागं मागं नेत गेलास, तर इथं येऊन पोचतो.

आणि डेव्हिड ब्युइक? कंपनी वाढत गेली तसा तो बाजूला पडत गेला. काही वर्षांतच बाहेर पडला. पुढं तेलविहिरी, जमिनी असे उद्योग केले, एकही मार्गी लागला नाही. म्हातारपणी डेट्रॉइटच्या एका धंदेशिक्षणाच्या शाळेत नोकरी करत होता. घरी टेलिफोन ठेवण्याची ऐपत नव्हती. मार्च १९२९ मध्ये गेला. तोवर त्याच्या नावाच्या गाड्या लाखांनी रस्त्यावर होत्या. ड्युरंटचंही तसंच. जनरल मोटर्स त्याच्या हातून दोनदा गेली, १९३६ मध्ये दिवाळखोरी, आणि पुढं काही काळ त्यानं फ्लिंटमध्येच बोलिंगचा अड्डा चालवला. सॅगिनॉ स्ट्रीटवर विटांचा जुना रस्ता अजून आहे, तिथं ब्युइकचा पुतळा उभा केलाय. मी दर वेळी त्याच्यापाशी थांबतो. मला त्याची कीव येत नाही. ज्या माणसाला टबाचा पैसा पुरला असता आणि तरी इंजिनच हवं होतं, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

पुढच्या इतिहासाचा पसारा मोठा आहे. जनरल मोटर्सच्या उतरंडीत खाली शेव्हरले, वर कॅडिलॅक, आणि कॅडिलॅकच्या एक पायरी खाली ब्युइक. इथं जुनी माणसं तिला डॉक्टरची गाडी म्हणतात: पैसा आहे, पण पेशंटच्या दारात कॅडिलॅक उभी करणं बरं दिसत नाही, म्हणून ब्युइक. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यातून रणगाडे फोडणाऱ्या हेलकॅट बाहेर पडल्या. १९४९ पासून बोनेटच्या बाजूला गोल भोकांची रांग आली. ती मला शोभेचीच वाटते, पण ब्युइकवाल्यांचा जीव त्यावर. ब्युइकची १९६३ ची रिव्हिएरा ही गाडी मात्र फोटोत पाहून भागत नाही. संग्रहालयात मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या.

आता माझ्या गाडीच्या इंजिनाची गोष्ट, ही खास तुझ्यासाठी. १९६१ मध्ये ब्युइकनं ॲल्युमिनियमचं छोटं व्ही-८ (इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दोन ओळींत आठ सिलिंडर) काढलं. त्याच्याच आराखड्यावरून १९६२ साठी बिडाचं, सहा सिलिंडरचं स्वस्त व्ही-६ केलं. सिलिंडरांमधला कोन व्ही-८ चा, म्हणजे ९० अंश, तोच ठेवला, त्यामुळं फायरिंग, म्हणजे एकेका सिलिंडरातला स्फोट, समान अंतरानं होईना. इंजिन लंगडत चालायचं. लोकांना तेव्हा मोठी व्ही-८ हवी होती, पेट्रोल पाण्याच्या भावात होतं. १९६७ मध्ये जनरल मोटर्सनं या व्ही-६ ची सगळी यंत्रसामग्री जीप बनवणाऱ्या कैसरला विकून टाकली. (ॲल्युमिनियमचं व्ही-८ त्याआधीच इंग्लंडच्या रोव्हरकडं गेलं होतं. रेंज रोव्हरमध्ये जे चाललं, ते हेच.) मग १९७३ चा तेलाचा तुटवडा आला, छोट्या इंजिनासाठी धावाधाव झाली, आणि १९७४ मध्ये तीच यंत्रं परत विकत घेऊन फ्लिंटला आणली. आपण आपलीच विकलेली म्हैस बाजारातून परत आणावी तसं! फरक एवढाच, की यानंतर तिची नीट काळजी घेतली. १९७७ च्या सुमारास क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याच्या) पिना दुभागून फायरिंग सारखं केलं. १९८८ मध्ये थरथर कमी करणारा बॅलन्स शाफ्ट घातला. म्हणजे ज्याला लंगडं म्हणून काढून टाकलं होतं, त्याची एकेक खोड पंधरा वर्षं बसून दुरुस्त केली. त्याला पुढं ३८०० म्हणू लागले. हे इंजिन २००८ पर्यंत तयार होत होतं.

माझी गाडी १९९९ ची ब्युइक लेसेबर. ३.८ लिटर, २०५ घोडे, पुशरॉडवर (खालून ढकलणाऱ्या सळ्यांवर) चालणाऱ्या बारा झडपा, अर्थात डोक्यावर. शेजारच्या आजी गाडी चालवेनाशा झाल्या, तेव्हा २०११ मध्ये मी त्यांच्याकडून घेतली. त्यांचे यजमान ब्युइकच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि तोवर वारलेले. कप्प्यात त्यांची वही होती: प्रत्येक ऑइल बदल, तारीख, मैल, पेन्सिलीनं. मी ती वही तशीच पुढं चालवतोय. आज गाडीनं सव्वातीन लाख किलोमीटर ओलांडले. हेड कधी उघडलेलं नाही.

चालवायला कशी, म्हणशील. पुढची सीट सलग, बाकासारखी, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर. सहाजण आरामात बसतात. आई-बाबा आले होते तेव्हा आई पुढं मधोमध बसली आणि म्हणाली, "ही आपल्या ॲम्बॅसिडरची मावशी दिसते." सस्पेन्शन मऊ. इथं थंडीत रस्त्याला भेगा पडून खड्डे होतात, ते पोटातलं पाणी न हलता पार होतात. वळणावर मात्र ती कलते, घाई केलेली तिला खपत नाही. हायवेला शंभरच्या वेगात इंजिन दोन हजारांच्याही खाली फिरतं आणि ॲव्हरेज लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास पडतं. एवढ्या मोठ्या गाडीला मी ते उत्तम म्हणतो. उणे तीस अंशात, सकाळी साडेपाचला, पहिल्या सेल्फला सुरू होते.

दोष नाहीत असं नाही. या इंजिनाचा वरचा इन्टेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटून देणारा भाग) प्लास्टिकचा. एक्झॉस्टचा गरम वायू परत आत घेणारी नळी त्याच्या पोटातून जाते, उष्णतेनं प्लास्टिक ठिसूळ होतं आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) सिलिंडरात उतरू शकतं. सगळ्या मालकांना हे ठाऊक असतं. मी तो आधीच बदलून घेतला, बारीक नळीचा सुधारलेला. कूलंटचे दोन प्लास्टिकचे एल्बो (वाकडे जोड) आहेत, तेही वेळेवर बदलायचे. गंजाला मात्र उपाय नाही. इथं बर्फावर मीठ टाकतात, आणि दाराखालचा पत्रा ते खातं.

चेसिस नंबरात अकरावं अक्षर 'एच' आहे. त्याचा अर्थ फ्लिंट. ब्युइक सिटी नावाचा तो अवाढव्य कारखाना २९ जून १९९९ ला बंद झाला, शेवटची गाडी लेसेबरच होती. माझी तिच्या जरा आधीची. नंतर बरीच वर्षं तिथं बहुतेक ठिकाणी नुसतं सपाट काँक्रीट आणि मधून उगवलेलं गवत होतं. उन्हाळ्यात मी एकदा कुंपणाशी गाडी उभी करून उतरलो होतो. इंजिन चालूच ठेवलं होतं, का ते सांगता येत नाही.

या गावाचं पुढं काय झालं, तेही लिहायला हवं. २०१४ मध्ये पैसे वाचवायला फ्लिंटचा पाणीपुरवठा नदीवर नेला. त्या पाण्यानं इंजिनाच्या भागांना गंज चढतो म्हणून जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यानं ऑक्टोबर २०१४ मध्ये ते घेणं थांबवलं. माणसांच्या नळाला तेच पाणी आणखी वर्षभर येत राहिलं, आणि त्यातून शिसं मुलांच्या पोटात गेलं. लोखंडाची दखल आधी घेतली गेली. याचा राग माझ्या मनातून जात नाही, विनू, आणि जाऊही नये.

ब्युइक नाव टिकलं ते चीनमुळं. शेवटचा बादशहा पूयी याच्याकडंही ब्युइक होती म्हणतात. १९९०च्या दशकाअखेर शांघायला कारखाना निघाला, आणि जनरल मोटर्सच्या २००९ च्या दिवाळखोरीत तिच्याच पाँटियाक, सॅटर्न या गाड्या गेल्या तरी ब्युइक राहिली, कारण तोवर अमेरिकेपेक्षा चीनमध्ये ती कितीतरी जास्त खपत होती. आज अमेरिकेत ब्युइकची एकही सेडान मिळत नाही. उंच गाड्या (एसयूव्ही) तेवढ्या आहेत, त्यातल्या काही कोरियातून येतात. मी एक चालवून पाहिली. चांगली आहे. मला हवी असलेली गाडी ती नाही.

पुढच्या रविवारी प्लग बदलायचे आहेत. पुढचे तीन सोपे, मागचे तीन फायरवॉलच्या (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याच्या) बाजूला, हात जेमतेम जातो. सगळी गाडी मिलिमीटरच्या पान्यांनी उघडते, प्लगला मात्र अजून इंची पाना लागतो, ५/८ चा. काल तो हातात घेतला आणि तुझ्या आजोबांची निळी पत्र्याची पेटी आठवली. त्यात शिवडीहून आणलेले इंची पाने होते, ५/८ चा नक्की होता, आपण त्यानं सायकल उघडायला गेलो आणि रट्टे खाल्ले होते. मी जानेवारीत येतोय. तोवर पेटी माळ्यावरून काढून ठेव, आणि तो पाना असला तर त्याला तेलाचा हात फिरव.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
मिलिंद